छोट्या बारमध्ये बँड ऐकताना गायकाचे शब्द कुठे जातात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नोकरीसाठी पुण्यात आलेल्या एकाचा ऑफिसातला मित्र रॉक बँडमध्ये गिटार वाजवतो. त्यांची गाणी फोनवर ऐकली तेव्हा आवडली, म्हणून हा कोरेगाव पार्कातल्या एका छोट्या बारमध्ये त्यांना ऐकायला गेला. मित्राला दिसावं म्हणून अगदी पुढे उभा राहिला. गाण्यातला एक शब्द कळला नाही आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कानात शिट्टी वाजत राहिली. मग बँड वाईट, साउंडवाला वाईट, की आपल्यालाच ऐकता येत नाही? आणि न पिणाऱ्याने अशा ठिकाणी जावं का?

मी अशाच खोल्यांमध्ये साउंड करतो, म्हणजे तुमच्या तीन संशयितांपैकी एक. तरी निकाल आधीच देऊन टाकतो: बहुधा तुम्ही चुकीच्या जागी उभे होतात. शब्द ऐकायचे असतील तर छोट्या बारमध्ये "अगदी पुढे" यापेक्षा वाईट जागा नाही.

मैदानावरच्या मोठ्या कार्यक्रमात तुम्ही जे ऐकता ते जवळपास सगळं स्पीकरमधून येतं. पुण्यात २०१० साली सुरू झालेला एनएच७ वीकेंडर हा असाच एक मोठा संगीत महोत्सव. तशा ठिकाणी ड्रमर तुमच्यापासून इतका लांब असतो की त्याच्या ड्रमचा स्वतःचा आवाज तुमच्यापर्यंत येईस्तोवर विरून जातो. साउंडवाल्याने ड्रम कमी केला की तो खरोखर कमी होतो. बारमध्ये सगळं उलट. शंभरएक माणसांच्या खोलीत ड्रमसेट तुमच्यापासून तीन मीटरवर असतो. ड्रमर जोरकस असेल तर जवळ उभ्या माणसाला १०० ते ११० डेसिबल सहज मिळतात, आणि स्नेअरचा (ड्रमसेटमधल्या खणखणीत छोट्या ड्रमचा) एखादा फटका त्याच्याही वर जातो. ड्रमला आवाजाचं बटण नसतं. मी मिक्सरवरचे सगळे फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या खुंट्या, खाली ओढले तरी ड्रम तेवढाच वाजणार. त्या रात्री खोलीत आवाज किती असेल हे ड्रमरच्या मनगटावर ठरतं, माझ्या हातात त्याच्यावरचा मजला रचायचं काम उरतं.

आता पुढची साखळी बघा. ड्रमच्या शेजारी उभ्या गिटारवाल्याला स्वतःची गिटार ऐकू येत नाही, म्हणून तो गिटारचा स्पीकर-डबा, म्हणजे अ‍ॅम्प वाढवतो. त्याचा अ‍ॅम्प जमिनीवर ठेवलेला असतो आणि गिटारच्या स्पीकरमधला तीक्ष्ण आवाज टॉर्चच्या झोतासारखा सरळ समोर जातो. तो झोत गिटारवाल्याच्या पोटऱ्यांवर पडतो, कानावर नाही. त्यामुळे त्याला वाटतं आवाज कमीच आहे, आणि त्याच रेषेत दोन मीटरवर उभे असलेले तुम्ही भाजून निघता. मग बेसवाला वाढवतो. मग दुसरा गिटारवाला. शेवटी उरतो गायक. बहुतेक गायक ओरडून गायले तरी तोंडापासून मीटरभरावर ९० डेसिबलच्या आसपासच भरतात. गायकाला या सगळ्याच्या वर उचलायचं, आणि तेही फक्त स्पीकरमधून.

तर मग फेडर वर ढकला, असं कोणीही म्हणेल. तिथेच गोम आहे. छोट्या स्टेजवर गायकाच्या पाठीमागे जेमतेम दीड मीटरवर क्रॅश सिम्बल (ड्रमसेटची मोठी थाळी) असतो. गायकाचा माइक, बहुतेक ठिकाणी शुअरचा एसएम५८ (१९६६ पासून हेच मॉडेल चालू आहे, आणि ते हातातून पडूनही चालतं म्हणून चालू आहे), समोरून येणारं जास्त ऐकतो आणि मागचं कमी. पण गायक प्रेक्षकांकडे तोंड करून उभा असला की माइकचं तोंड ड्रमकडे असतं. म्हणजे त्या माइकमध्ये दोन गोष्टी शिरतात: गायक आणि क्रॅश. मी गायक वाढवला की क्रॅशही वाढतो, आणि आता तो थेट सिम्बलवरूनही येतो आणि स्पीकरमधूनही.

हे अगदी जवळून बघायचं असेल तर पुढच्या वेळी गायकाच्या ओठांकडे बघा. ओठ माइकच्या जाळीपासून तीन सेंटिमीटरवर आहेत असं समजू. गाणं तापलं, त्याने मान मागे टाकली, अंतर सहा सेंटिमीटर झालं. अंतर दुप्पट झालं की माइकमध्ये शिरणारा त्याचा आवाज साधारण सहा डेसिबलने पडतो. क्रॅश मात्र दीड मीटरवरच आहे, तीन सेंटिमीटरने त्याला काही फरक पडत नाही. पडलेला गायक भरून काढायला मी सहा डेसिबल वाढवले की क्रॅश सहा डेसिबलने अंगावर येतो. आणखी थोडं वाढवलं की समोरच्या मॉनिटरमधून, म्हणजे गायकाला स्वतःचं ऐकू यावं म्हणून ठेवलेल्या स्पीकरमधून, निघालेला आवाज परत माइकमध्ये शिरतो आणि सगळ्या खोलीला ऐकू येणारी ती कुप्रसिद्ध शिट्टी वाजते. म्हणून ज्याला बारमध्ये गाऊन गाऊन अनुभव आलाय तो गायक माइक ओठांना चिकटवून ठेवतो आणि मोठ्या सुराला जरासा बाजूला वळतो, मागे जात नाही. जाळी मुठीत धरून गाणारे तर माझे खास शत्रू. मूठ धरली की माइकची मागचं न ऐकण्याची शक्तीच जाते, मग तो चारी बाजूंनी ऐकायला लागतो. मेटलवाल्यांमध्ये ही सवय फार. त्यात ग्रोल करणाऱ्याचा, म्हणजे घशातून गुरगुरत गाणाऱ्याचा, प्रत्यक्ष आवाज वाटतो तेवढा मोठा नसतो, सगळी राक्षसी ताकद माइकमधून मिळते. मुंबईने भयानक मौत, डेमॉनिक रिझरेक्शन, झायग्नेमा यांच्यासारखे बँड दिले, तेव्हा या शैलीशी आपल्याकडच्या साउंडवाल्यांची ओळख जुनी आहे. पण तिथे शब्द कळले नाहीत म्हणून कोणी तक्रार करत नाही, त्यामुळे ते सोडून देऊ.

आता तुम्ही पुढे उभे होतात त्याचं. बारमधले मुख्य स्पीकर स्टँडवर, डोक्याच्या वर, स्टेजच्या दोन कडांना असतात आणि खोलीच्या मधल्या भागाकडे तोंड करून असतात. ते बँडच्या रेषेतच किंवा थोडे पुढे ठेवावे लागतात, नाहीतर शिट्टी. म्हणजे स्टेजला टेकून उभा असलेला माणूस दोन्ही स्पीकरच्या झोताबाहेर आहे. त्याच्या कानात ड्रम थेट येतो, गिटारचा अ‍ॅम्प थेट येतो, आणि गायक जवळपास येतच नाही, कारण गायक फक्त स्पीकरमध्ये आहे. तुमच्या मित्राची गिटार तुम्ही त्या रात्री सगळ्यांपेक्षा जास्त ऐकली असणार.

म्हणून शब्द हवे असतील तर खोलीच्या साधारण दोन-तृतीयांश मागे या, दोन्ही स्पीकर दिसतील असे उभे राहा, आणि मिक्सर कुठे आहे ते बघा. मिक्सर धड जागी असेल तर त्याच्या शेजारची जागा सगळ्यात भरवशाची, कारण ऐकून ठरवणारा माणूस तिथे उभा आहे. अडचण अशी की छोट्या बारमध्ये मिक्सरला जागाच देत नाहीत. तो बाथरूमच्या दाराशी किंवा काउंटरच्या कोपऱ्यात कोंबलेला असतो. हल्ली बऱ्याच ठिकाणी स्टेजच्या कडेला एक छोटी डिजिटल पेटी असते आणि साउंडवाला टॅब हातात घेऊन फिरत असतो. तसा माणूस दिसला तर तो जिथे जास्त वेळ रेंगाळतो तिथे जाऊन उभे राहा.

भिंतीला पाठ लावून उभं राहू नका, कोपऱ्यात तर अजिबात नको. बेसच्या खालच्या सुरांच्या लहरी लांबलचक असतात. बेस गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली तर ४१ हर्ट्झ, म्हणजे एक लहर आठ मीटरांहून लांब. खोलीच त्या लहरीएवढी असल्यावर ती भिंतींमध्ये अडकते: भिंतीपाशी फुगते आणि मध्ये एखाद्या ठिकाणी जवळपास नाहीशी होते. सात मीटर लांबीची खोली घ्या. ४९ हर्ट्झच्या आसपासचा सूर दोन्ही टोकांच्या भिंतींपाशी आणि बरोबर मध्ये धडधडतो, आणि भिंतीपासून पावणेदोन मीटरवर गायब होतो. त्यामुळे "बेस फार होता" म्हणणारा आणि "बेस ऐकूच आला नाही" म्हणणारा, दोघे एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसलेले असू शकतात आणि दोघेही खरं बोलत असतात. पहिल्या दोन गाण्यांत पाण्याच्या निमित्ताने जरा फिरा. दोन पावलांनी किती बदलतं ते तुमचं तुम्हालाच कळेल.

खोलीबद्दल एक बोलायचंच राहिलं. आपल्याकडचे बार ऐकण्यासाठी बांधलेलेच नसतात. समोर काच, खाली टाइल्स, वर उघडं काँक्रीट आणि एसीचे पाइप, भिंतीला इंडस्ट्रियल दिसावं म्हणून सोललेल्या विटा. कुठेही आवाज शोषणारं काही नाही. साउंडचेकच्या वेळी, म्हणजे कार्यक्रमाआधी साउंड लावून बघताना, रिकाम्या खोलीत स्नेअर मारला की तो खणखणत राहतो. त्या खोलीतली आवाज शोषणारी सगळ्यात चांगली वस्तू म्हणजे तुम्ही लोक. कपडे घातलेली शंभर माणसं तीक्ष्ण आवाज बऱ्यापैकी गिळतात. म्हणून मी साउंडचेकला बांधलेलं मिक्स गर्दी झाल्यावर बदलतं, आणि म्हणूनच पहिल्या गाण्यावरून कोणाचंही माप काढू नका. पहिल्या गाण्यात मी अजून गायक शोधत असतो. तिसऱ्या गाण्यापासून मत बनवा.

आवाजासाठी विचार करून बांधलेली जागा म्हणजे काय, ते मुंबईत लोकांनी ब्लू फ्रॉगमध्ये पाहिलं. २००७ मध्ये लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात ते उघडलं आणि २०१६ मध्ये बंद झालं. त्याच्या आधीच्या पिढीला विचारलंत तर ते डोळे मिटून रंगभवनाबद्दल बोलतील. धोबी तलावाजवळचं हे उघडं नाट्यगृह. १९८६ साली सुरू झालेला इंडिपेन्डन्स रॉक हा महोत्सव बरीच वर्षं तिथे भरायचा. आजूबाजूला रुग्णालयं आणि कॉलेज, त्यामुळे तो परिसर शांतता क्षेत्रात गेला आणि तिथला रॉक थांबला. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रुग्णालय, शाळा-कॉलेज, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र धरता येतं, आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही. राज्य सरकारला वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस १२ वाजेपर्यंत सूट देता येते, पण ते दिवस गणपती-नवरात्रात संपतात, रॉकच्या वाट्याला काही उरत नाही. ऑफिस सुटून लोक आठला निघणार, नऊला पोचणार आणि दहाला स्पीकर बंद. या गणितात रॉक आपोआप बंद दारांआड गेला, आणि शहरात रात्री उशिरापर्यंत उघड्या असलेल्या बंद खोल्या म्हणजे बार. गच्चीवरच्या जागेत गिग (बँडचा कार्यक्रम) असेल तर मात्र वेळेवर जा. तिथे दहाचा काटा खराच असतो आणि शेवटच्या बँडचा सेट निम्म्यावर कापला जातो.

वेळेचं बोलतोच आहे तर रात्र कशी चालते तेही सांगतो. पोस्टरवर आठ लिहिलं असलं तर पहिला सूर नऊच्या पुढे, हे तुम्हाला कळलंच असेल. तीन बँड असतील तर साउंडचेक बहुधा उलट्या क्रमाने होतो: शेवटी वाजवणारा आधी, पहिला वाजवणारा सगळ्यात शेवटी. याचा फायदा असा की पहिल्या बँडचं सगळं जसंच्या तसं लागलेलं राहतं. ड्रमसेट तिघांचा एकच असतो, प्रत्येक ड्रमर फक्त आपले ब्रेकेबल्स आणतो, म्हणजे स्नेअर, सिम्बल आणि किकचं (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचं) पेडल. मधल्या पंधरा-वीस मिनिटांच्या चेंजओव्हरमध्ये स्टेजवर जी धावपळ दिसते ती त्याचीच. दुसऱ्या-तिसऱ्या बँडला फक्त लाइनचेक मिळतो: प्रत्येक वायरमधून आवाज येतोय ना एवढं बघायचं आणि सुरू. गंमत म्हणजे सगळ्यात नीट लागलेला साउंड ज्या पहिल्या बँडला मिळतो त्याच्यापुढे खोलीत बारा माणसं असतात, त्यातली चार दुसऱ्या बँडची. लवकर गेलात तर शब्दही कळतील आणि बसायला जागाही मिळेल.

मधूनमधून घरघर ऐकू येते तीही बँडची नसते. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे अर्थिंग खराब असलं की ५० आणि १०० हर्ट्झची गुणगुण सगळ्या सेटभर राहते. बारच्या फ्रीजचा कॉम्प्रेसर त्याच लाइनवर असेल तर तो चालू होताना स्पीकरमध्ये टक्क वाजतं. गायकाच्या हातात गिटार असेल आणि माइकला ओठ लागताच तो दचकून मागे झाला, तर समजा की त्याला करंट लागलाय. काही महाभाग गुणगुण घालवायला प्लगची अर्थची पिन मोडून टाकतात. असं करताना कोणी दिसलं तर तुम्ही प्रेक्षक असलात तरी ओरडा.

आता कान. हे हसण्यावारी न्यायचं प्रकरण नाही. दुसऱ्या दिवसापर्यंत शिट्टी वाजत होती याचा अर्थ कानाला सोसलं त्यापेक्षा जास्त मिळालं. कामाच्या ठिकाणच्या आवाजासाठी जो हिशेब सर्रास धरतात तो असा: ८५ डेसिबलला आठ तास, आणि पुढे प्रत्येक तीन डेसिबलला वेळ निम्मी. म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. तुम्ही अ‍ॅम्पसमोर दीड तास उभे होतात. शिट्टी थांबली म्हणून भरपाई झाली असंही नसतं. दोन-तीन दिवसांत ती गेली नाही किंवा एका कानाला कमी ऐकू यायला लागलं, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे लगेच जा, "बघू" म्हणून थांबू नका. पुढच्या वेळी इअरप्लग न्या. मेडिकलमध्ये मिळणारे फोमचे प्लग स्वस्त असतात आणि काम करतात, पण ते तीक्ष्ण आवाज जास्त कापतात, त्यामुळे सगळं गोधडीत गुंडाळल्यासारखं ऐकू येतं. संगीतासाठीचे म्हणून वेगळे मिळतात, ते सगळीकडून सारखंच, पंधरा-वीस डेसिबल, कमी करतात. एका रात्रीच्या बिलापेक्षा कमी पैशांत येतात. वर एक नफा: आवाज उतरला की गोंगाटात हरवलेला गायक बरेचदा सापडतो, कारण फार मोठ्या आवाजात कान स्वतःच गोंधळलेला असतो. कापसाचा बोळा मात्र नको. त्याने आवाज फारसा अडत नाही.

प्लग घातल्यावर मात्र एक सेट मुद्दाम पुढे जाऊन ऐका. मागे मिक्स मिळतं, पुढे बँड मिळतो. किक आणि बेस एकत्र पडतायत का, हे पायाला जमिनीतून कळतं. गिटारच्या अ‍ॅम्पचा खरा सूर, मी आणि माझे स्पीकर मध्ये न येता, फक्त तिथेच ऐकू येतो. आणि कोण कोणाकडे बघून वाजवतंय ते दिसतं. गाणं कुठे वळणार हे बहुतेक बँडमध्ये ड्रमरच्या भुवया सांगतात.

बँड चांगला की वाईट हे ओळखायची माझी एक खूण आहे आणि ती गिटारच्या सोलोत नाही. पहिल्या कडव्याला, गायक गात असताना, ड्रमर आणि गिटारवाले किती खाली येतात ते बघा. छोट्या खोलीत स्वतःहून खाली येणारा बँड मिळाला की साउंडवाल्याला करायला काहीच उरत नाही. ड्रमर बारीक दांड्यांच्या जुड्या वापरतो, सिम्बलला टेप लावतो, गिटारवाला अ‍ॅम्प खुर्चीवर चढवून स्वतःच्या कानाकडे वळवतो आणि मग आपणहून आवाज कमी करतो. दुसरी खूण म्हणजे तार तुटली तर काय होतं. कच्चा बँड गप्प उभा राहतो, मुरलेला बँड ड्रम-बेसवर तीन मिनिटं काढतो आणि तुम्हाला वाटतं ते गाण्यातच होतं.

शब्द न कळण्याचं आणखी एक कारण आहे, आणि ते तुमच्याकडे आहे. व्यंजनं ज्या पट्ट्यात ऐकू येतात, साधारण दोन ते चार हजार हर्ट्झ, नेमका तोच पट्टा फाटका आवाज काढणारी गिटार आणि सिम्बल भरून टाकतात. उरतात स्वर. स्वरांवरून शब्द ओळखायचे तर ते आधी माहीत असावे लागतात. मुंबईचा अभंग रिपोस्ट नावाचा बँड संतांचे अभंग रॉक-फंकच्या अंगाने वाजवतो. तिथे खोलीचा साउंड कसाही असला तरी लोकांना शब्दन् शब्द "ऐकू" येतो, कारण तो त्यांच्या घरातूनच आलेला असतो. कव्हर्स, म्हणजे दुसऱ्यांची गाजलेली गाणी, वाजवणाऱ्या बँडचा साउंड लोकांना नेहमी चांगला वाटतो, त्याचंही अर्धं श्रेय याला. मित्राच्या बँडची ओरिजिनल्स (त्यांनी स्वतः रचलेली गाणी) जायच्या आधी चार वेळा ऐका. त्याच खोलीत, त्याच स्पीकरमधून दुप्पट कळेल.

न पिणाऱ्याने जावं का? खुशाल जावं. लिंबू सोडा मागितला म्हणून कोणी वळून बघत नाही, अर्धे ड्रमर तेच पीत असतात. मात्र वयाचा नियम आहे: महाराष्ट्रात बीअर आणि वाइनसाठी २१, बाकी दारूसाठी २५. त्यामुळे बरेच बार २१ च्या खालच्यांना दारातच थांबवतात, मग तुम्ही पिणार असा वा नसा. ओळखपत्र जवळ ठेवा, आणि लहान भावाला न्यायचं असेल तर आधी फोन करून विचारा. ड्राय डेला गिग शोधत बसू नका.

पैशांचं तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो, कारण मित्राला ते सांगताना लाज वाटत असेल. दारावर "कव्हर" घेतात ते बहुतेक ठिकाणी खाण्यापिण्यात वळतं करून मिळतं, म्हणजे ते बारचं. "एंट्री" किंवा तिकीट असेल तर त्यातला वाटा बँडला जाऊ शकतो. दारावर सरळ विचारा: यातलं बँडला जातं का? वाईट दिसत नाही, उलट मालकाला कळतं की हे लोक बँडसाठी आलेत. बारच्या दृष्टीने बुधवारची ओरिजिनल्सची रात्र आणि बॉलीवूड नाइट यांची तुलना दरवेळी गल्ल्यावर होते. रात्री अकराला बिल मागताना "कोणासाठी आलात" असं विचारलं तर बँडचं नाव घ्या. आणि टी-शर्ट विकायला ठेवले असतील तर एक घ्या, चार माणसांत वाटला जाणारा तो बहुधा त्या रात्रीचा सगळ्यात स्वच्छ पैसा असतो.

आत शिरल्यावर बाहेर पडायचा दुसरा रस्ता कुठे आहे ते बघून ठेवा. डिसेंबर २०१७ मध्ये लोअर परळच्या कमला मिल्समधल्या आगीत १४ जणांचा जीव गेला. ड्रमच्या रिकाम्या पेट्या आणि अ‍ॅम्पची खोकी ठेवायला मागच्या दाराइतकी सोयीची जागा कुठल्याच बँडला सापडत नाही. ती तिथे दिसली तर साउंडवाल्याला सांगा, आम्ही हलवतो.

राहिला मित्र. गिगनंतर तो घामाघूम होऊन तुमच्याकडे येईल आणि विचारेल, "साउंड कसा होता?" "भारी" म्हणू नका, "काही कळलं नाही" असंही म्हणू नका, दोन्हीचा त्याला उपयोग नाही. नेमकं सांगा: तिसऱ्या गाण्यात मी खांबाजवळ होतो, कडव्यात गायक गेला, तुझी गिटार कानात घुसत होती. गिटारवाल्याला स्वतःचा अ‍ॅम्प मोठा आहे हे साउंडवाल्याने सांगितलेलं कधीच पटत नाही, आम्ही ते रोज सांगतो म्हणून. तिकीट काढून आलेल्या मित्राने सांगितलं तर निदान पुढच्या गिगपुरता तो अ‍ॅम्प खुर्चीवर चढतो. ड्रमरला मात्र तुम्ही काही सांगायला जाऊ नका, ते काम बेसवाल्याचं आहे.